भंगारातला फायरवॉल

खामगावात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. परवाना संपला, अपडेट थांबले, म्हणून कार्यालयांनी भंगारात काढलेले फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची राखण करणारी यंत्रं, माझ्याकडे येतात. आत अनेकदा साध्या संगणकाचाच प्रोसेसर असतो. दुसरं सॉफ्टवेअर बसवताना अडवतं ते कुलूपबंद बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारं फर्मवेअर. हे फर्मवेअर आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये राहतं. वीजपुरवठा काढून चिपला क्लिप लावायची, प्रोग्रामरने मूळ फर्मवेअर दोनदा वाचायचं आणि दोन्ही प्रती जुळल्या तरच बदललेलं लिहायचं. 3.3 व्होल्टच्या चिपला 5 व्होल्ट दिले, तर ती जळू शकते. मग 2015 पासून मोफत मिळणारं ओपीएनसेन्स हे फायरवॉल सॉफ्टवेअर त्या यंत्रावर बसवता येतं. एखाद्या शाळेच्या नेटवर्कची राखण करायला एवढं पुरतं. म्हणून चालतं यंत्र भंगारात देण्याआधी जाणकाराला जरूर दाखवा.