मनाचाही सराव हवा!

बालमित्रांनो, ही गोष्ट आहे ३ जुलै १९९३ची. इंग्लंडमध्ये विम्बल्डनच्या हिरवळीवर महिलांचा अंतिम सामना रंगला होता. एकीकडे जर्मनीची स्टेफी ग्राफ, दुसरीकडे झेक प्रजासत्ताकाची याना नोवोत्ना. तिसऱ्या, म्हणजे निर्णायक सेटमध्ये याना ४-१ अशी पुढे होती. सर्व्हिसही तिचीच आणि गुण ४०-३०. आणखी एक गुण मिळाला की झाले ५-१! पण नेमकी तिथंच डबल फॉल्ट झाली. सर्व्हिसच्या दोन्ही संधी वाया! तिथून तिचा खेळ असा काही घसरला की, स्टेफीनं ओळीनं पाच गेम घेऊन सामना जिंकला. बक्षीस घेताना बिचारी याना डचेस ऑफ केंट यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

आता मला सांगा, इतकी पट्टीची खेळाडू क्षणात खेळायला विसरते का? मुळीच नाही! पण मनावर दडपण आलं की छाती धडधडते, श्वास वरच्या वर चालतो, खांदे आखडतात. रॅकेटवरची मूठ नकळत घट्ट होते. मग हात मोकळा फिरणार कसा? तोंडपाठ असलेला पाढा सर्वांसमोर म्हणताना तुमचंही असंच होतं ना?

टेनिसच्या मोठ्या स्पर्धांत एक गुण संपला की पुढच्या सर्व्हिसपर्यंत २५ सेकंद मिळतात. या वेळात चांगले खेळाडू काय करतात, हे अमेरिकेतल्या जिम लोहर या क्रीडा मानसशास्त्रज्ञांनी बारकाईनं पाहिलं. त्यातून त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या. त्या अशा :

१) गुण गेला तरी मान खाली घालायची नाही. रॅकेट दुसऱ्या हातात घेऊन ताठ चालायचं.

२) खांदे सैल सोडायचे. श्वास सावकाश घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा. नजर रॅकेटच्या तारांवर ठेवायची, म्हणजे मन इकडेतिकडे भटकत नाही.

३) मागचं विसरून पुढचा गुण कसा खेळायचा ते ठरवायचं.

४) सर्व्हिसपूर्वी रोजची सवय पाळायची. जसं, चेंडू ठरावीक वेळा टप्पे देऊन आपटायचा.

राफाएल नदाल पाण्याच्या बाटल्या खुर्चीजवळ नेमक्या जागी मांडायचा, तेव्हा पाहणाऱ्यांना हसू यायचं. पण ओळखीची सवय मनाला धीर देते, बरं का!

अंग सैल सोडायलाही शिकावं लागतं. त्याची रीत अमेरिकेतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली पुस्तकात मांडली. रात्री अंथरुणावर पडल्यावर करून पाहा. मूठ पाच सेकंद आवळा आणि सोडा. मग दंड, खांदे, पोट, पाय. आवळलेलं कसं वाटतं नि सैल कसं, हे एकदा कळलं की आखडलेला खांदा मैदानातही चटकन ओळखता येतो. मात्र हे रोज करायचं हं! सामन्याच्या दिवशी एकदम जमत नाही.

पालकांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. वक्तृत्व स्पर्धेत माझ्या वर्गातली एक मुलगी दोन वाक्यांनंतर अडली. मी खालून हातवारे करत राहिले, ‘अगं, बोल ना!’ ती आणखीच गोंधळली आणि रडत खाली उतरली. चूक तिची नव्हती, माझी होती. मी नुसती शांतपणे हसले असते, तरी तिला श्वास घ्यायला उसंत मिळाली असती. म्हणून मूल हरून घरी आलं तर ‘कितीनं हरलास?’ हे आधी विचारू नका. आधी पाणी द्या.

आणि यानाचं पुढं काय झालं? १९९७ साली ती पुन्हा अंतिम फेरीत हरली. तरी तिनं रॅकेट खाली ठेवली नाही. १९९८ साली नाताली तोझियाला ६-४, ७-६ असं हरवून तिनं विम्बल्डन जिंकलंच!

मग काय, आज रात्रीपासून करायची ना सुरुवात? चला, आवळा मूठ... आणि सोडा!