हुरड्याच्या दिवसांत घेतलेला निर्णय

बारावीच्या कसून तयारीसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नची मुले आता साठीकडे झुकली आहेत. १९८८ च्या आसपास राजर्षी शाहू किंवा दयानंद महाविद्यालयातून बारावी झालेला मुलगा १९७० च्या आगेमागे जन्मलेला. नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली सुरू झाले. तिथल्या पहिल्या तुकड्यांनी तर साठी ओलांडली. यांतले जे अमेरिका, ब्रिटन, कॅनडात गेले, त्यांच्यापैकी काहींच्या मनात आता गाव घोळू लागले आहे. आखातात ड्रायव्हर किंवा गवंडी म्हणून गेलेल्यांना गाव मनात घोळवायलाही सवड नसते. तिथे वीस वर्षे राबले तरी सहसा कायमचे राहता येत नाही, काम सुटले की परतीचे तिकीट. नांदेडात आणखी एक वाट येऊन मिळते. १७०८ साली गुरु गोविंदसिंहांचे देहावसान झाले त्या जागी उभ्या असलेल्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या ओढीने परदेशस्थ शीख वृद्धही इथे सेवेला येऊन राहतात. या सगळ्यांच्या काळज्या साधारण सारख्या असतात: साप निघाला तर, डेंग्यू झाला तर, रात्री छातीत दुखू लागले तर. काळज्या खोट्या नाहीत. पण परदेशात आयुष्य काढून उतारवयात मराठवाड्याच्या खेड्यात येणाऱ्याची तब्येत ठरते ती रोजच्या गोळीवर, डोक्यावरच्या छतावर आणि हंड्यातल्या पाण्यावर, असे माझे म्हणणे आहे. आणि नेमका याचाच विचार तो सर्वांत शेवटी करतो.

गोळीपासून सुरुवात करू. ब्रिटनमध्ये प्रत्येकाचे नाव एखाद्या डॉक्टरकडे नोंदलेले असते, तपासणीची वेळ झाली की बोलावणे येते, चालू औषधे ठरावीक दिवसांनी पुन्हा मिळतात. माणूस विसरला तरी व्यवस्था विसरत नाही. गावात ही आठवण करून देणारे कोणी नाही. शिवाय तिकडचे संरक्षण विमानातून बरोबर येत नाही: अमेरिकेतले मेडिकेअर सहसा देशाबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही आणि ब्रिटनची आरोग्यसेवा तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. हे ठाऊक असलेलेही एका गोष्टीत फसतात, ती म्हणजे आकडे आणि नावे. ब्रिटन-कॅनडात रक्तातली साखर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये. तिकडच्या आकड्याला अठराने गुणले की इकडचा आकडा येतो. तिकडचा ७ म्हणजे इकडचा १२६. वर्षानुवर्षे ‘आठ’ ऐकलेल्या माणसाला लातूरच्या लॅबने १४४ सांगितले की तो घाबरतो. उलट जुनी फाईल वाचणाऱ्या इथल्या डॉक्टरला घाईत ८ चा अर्थ लागत नाही. नावांचा घोळ याहून वाईट. अमेरिकेतले ॲसिटामिनोफेन म्हणजे आपले पॅरासिटामॉल, तिकडचे अल्ब्युटेरॉल म्हणजे इकडचे साल्ब्युटामॉल, तिकडचे ग्लायब्युराइड म्हणजे इकडचे ग्लिबेनक्लामाइड. हे शेवटचे साखर उतरवणारे औषध आहे. जुन्या डबीतले एक आणि नव्या चिठ्ठीतले एक, अशी एकच गोळी दोन नावांनी पोटात गेली तर म्हाताऱ्या माणसाची साखर धोकादायक खाली जाते. यावरचा उपाय अगदी साधा आहे: ब्रँड सोडून औषधांची मूळ नावे आणि मात्रा एका कागदावर लिहून घेणे, आणि तो कागद गावातल्या डॉक्टरला आणि औषधाच्या दुकानदाराला दाखवणे. वीस वर्षे सॉफ्टवेअरची कागदपत्रे लिहिलेल्या माणसाला हे जड जाऊ नये, तरी जाते.

छताची गोष्ट अधिक खोल आहे, कारण तिच्यात या भागाचा इतिहास आहे. लातूर-धाराशिव पट्ट्यातले जुने घर म्हणजे जाड दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत. उन्हाळ्यात दुपारी आत शिरले की अंग सैल पडावे असा गारवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच भिंती आणि याच माळवदांखाली माणसे गाडली गेली. सुमारे आठ हजार जीव गेले. त्यानंतर माळवदाची जी भीती बसली ती रास्तच होती. स्लॅब आला, पत्रा आला. परदेशातून परतणारा तर गावात बंगलाच बांधतो, तोही स्लॅबचा, बऱ्याचदा दोन मजली, आणि निजायची खोली हौसेने वरच्या मजल्यावर. एप्रिल-मेमध्ये इथला पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहतो, म्हणजे शरीराला सावरायला हवी ती रात्रही मिळत नाही. तरुणाला हा त्रास असतो, म्हाताऱ्याला धोका. वयाबरोबर तहान मंदावते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणखी घटते. थंड देशात बसवलेली मात्रा मे महिन्यातल्या उदगीर-अहमदपूरला जशीच्या तशी चालेलच असे नाही. ती स्वतःच्या मनाने बंद करू नये, पण मार्चमध्येच डॉक्टरांना विचारून ठेवावे. इन्सुलिनचेही तेच. वापरात असलेली कुपी साधारण तीस अंशांपर्यंत टिकते. वीज गेलेल्या दुपारी घरातले तापमान त्याच्या कितीतरी वर असते. अशा वेळी वापरातली कुपी ओल्या मडक्यात ठेवण्याची पद्धत खरोखर उपयोगी आहे. माठातले पाणी ज्या बाष्पीभवनाने गार होते, तेच इथेही काम करते. आणखी एक गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. देवळात, गुरुद्वाऱ्यात अनवाणी जायचे असते. जुन्या मधुमेहाने तळपायाची संवेदना गेलेल्या माणसाला तापलेल्या फरशीचा चटका कळतच नाही. संध्याकाळी फोड दिसतो, आणि मधुमेह्याच्या पायाची जखम किती दिवस चिघळते ते वेगळे सांगायला नको.

पाण्याबद्दल लातूरने २०१६ मध्ये देशाला धडा दिलाच आहे. मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टंचाई दिसते, म्हणून तिची बातमी होते. बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड मात्र डोळ्यांना दिसत नाही. किनवटसारख्या भागात ते जुने दुखणे आहे. दातांवरचे डाग, पुढे ताठरलेले सांधे आणि वाकलेली हाडे. परदेशातून आलेला माणूस जंतूंच्या भीतीने पाणी उकळून पितो. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. म्हणून घराचा नकाशा काढण्याआधी बोअरच्या पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. हे काम जिल्ह्याच्या ठिकाणी होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा. डॉलर गाठीशी आहेत, नांदेड-लातूरला हृदयाची मोठी रुग्णालये आहेत, हैदराबादही दूर नाही, मग चिंता कशाची? या दोन शहरांबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण किनवट नांदेडपासून शंभर किलोमीटरहून लांब आहे. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर धावते, तरी हृदयाच्या झटक्यात पहिले तास मोजायचे असतात आणि अंतराला डॉलर कळत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळे होती. त्या वेळी बोट मोठ्या रुग्णालयाकडे गेले. पण लांबलांबून, अखेरच्या अवस्थेतले रुग्ण एकाच ठिकाणी येऊन पडतात, याचे कारण खालच्या पायऱ्या ढिल्या आहेत हे आहे, आणि परतणारा वृद्ध राहणार असतो त्या खालच्या पायरीवरच. विम्यानेही तो पूर्ण सावरत नाही. २०२४ पासून पासष्टीनंतरही आरोग्यविमा घेता येतो, पण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. सत्तरीपुढच्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेत पाच लाखांचे संरक्षण आहे. गंमत अशी की आखातातून रिकाम्या हाताने आलेल्या मजुराकडे भारतीय पासपोर्ट असल्याने हा हक्क त्याचा आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याने मात्र तो गृहीत धरू नये. ब्रिटनमधून आलेल्याचे सरकारी निवृत्तिवेतनही भारतात राहिल्यास तिथल्याप्रमाणे दरवर्षी वाढत नाही, आहे त्या आकड्यावर गोठते, आणि औषधांचे भाव काही गोठत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा: गावातले म्हातारे जगतातच ना? ज्वारीची भाकरी खातात, नव्वदीत शेताला चक्कर मारतात. पण पारावर दिसतो तो वाचलेला म्हातारा. साठीत लकव्याने किंवा किडनीने गेलेला पारावर बसलेला दिसत नाही. शिवाय नव्वदीतल्या त्या आजोबांनी सत्तर उन्हाळे याच मातीत काढले आहेत. न्यू जर्सीत तीस हिवाळे काढलेल्या शरीराने त्यांच्याशी बरोबरी करू नये. गावात माणसांची सोबत असते, असेही म्हणतात. असते, पण कोणाची? त्याच्या वर्गातली मुले पुण्यात आहेत, त्यांची मुले बंगळुरूला. ओसरीवर रामराम घालणारे खूप, पण न्हाणीत पाय घसरला तर पाच मिनिटांत कोण पोहोचेल याचे उत्तर नावानिशी द्यावे लागते.

म्हणून गावी येऊच नये, असे मला म्हणायचे नाही. पुण्याच्या फ्लॅटमधला बाराव्या मजल्यावरचा एकटेपणाही काही औषध नव्हे. माझ्या मते बहुतेकांसाठी मधली वाट बरी: घर नांदेड-लातूर किंवा बऱ्या तालुक्याच्या गावी, तळमजल्यावर, न्हाणीत धरायला दांडी आणि कमोड असलेले, आणि शेत अर्ध्या तासाच्या अंतरावर. तेवढ्याने निम्मे प्रश्न सुटतात. पण लोक निर्णय घेतात ते डिसेंबर-जानेवारीत सुट्टीला आल्यावर. शेतात आगटी पेटलेली, हातावर गरम हुरडा, हवेत गारवा, भोवती भावकी. त्या दिवसांत कोणालाही इथेच मरावेसे वाटेल. तेव्हा परतायचे मनात असेल तर बंगल्याचा पाया खणण्याआधी एकदा अख्खा मे महिना गावात, स्लॅबच्या घरात राहून बघा, आणि त्याच महिन्यात वरचेवर रक्तदाब मोजून तो आकडा लिहून ठेवा.