दुसरबीडहून तासाभरावरचं खारं पाणी

संपादकांना समुद्रकाठच्या शहरांवर पुरवणी काढायची होती. मालवण, रत्नागिरी, अलिबाग आधीच वाटून झाले होते, म्हणून मी दुसरबीडचं नाव पुढे केलं. बुलडाणा जिल्ह्यातलं, सिंदखेडराजा तालुक्यातलं हे गाव जालना–मेहकर रस्त्यावर आहे आणि समुद्र तिथून रस्त्यानं चारशे किलोमीटरांहून लांब. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग मी लोणारचं नाव घेतलं आणि काम मिळालं.

दुसरबीडला पाहुणे आले की दाखवायला दोन दिशा आहेत. मागे सिंदखेडराजा, पुढे लोणार. सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांचा राजवाडा आहे. 12 जानेवारी 1598 ला जिजाऊ तिथं जन्मल्या आणि दर 12 जानेवारीला गावात पाय ठेवायला जागा नसते. मोती तलाव, पुतळा बारव, लखुजींची समाधी हे सगळं पायी फिरून होतं. मोती तलावाच्या भिंतीवर स्वतंत्र लेख लिहिता येईल, पण आज खाऱ्या पाण्याकडे जायचं आहे. बिबी, सुलतानपूर करत लोणारला पोचेपर्यंत सपाट काळी रानं दिसत राहतात, सोयाबीन, कापूस, तूर. पुढे काही वेगळं आहे अशी कसलीच चाहूल लागत नाही. गाव संपतं आणि एकदम जमीनच संपते.

खाली सुमारे दीडशे मीटर खोल, जवळजवळ 1.8 किलोमीटर रुंद वाटोळा खड्डा आणि त्याच्या तळाशी हिरवट पाणी. अधिकृत इतिहास पाटीवर आहे, तो थोडक्यात सांगतो. अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त इथल्या साबण-काचेला लागणाऱ्या मालाची नोंद आहे. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली. पुढे शंभरावर वर्षं बहुतेक जण याला ज्वालामुखीचं तोंड समजत राहिले. 1970 च्या दशकात तळाशी भोकं पाडून खडक वर काढले, तेव्हा प्रचंड आघाताशिवाय तयार न होणारी मास्केलिनाइट नावाची काच त्यांत सापडली आणि उल्केचा पक्ष जिंकला. वयाचा वाद मात्र मजेदार आहे. आधी सुमारे 52 हजार वर्षं म्हणत, पुढे आर्गॉनच्या पद्धतीनं ते 5 लाख 70 हजारांच्या घरात गेलं. गावात लवणासुराची कथा चालते. विष्णूनं त्याला मारलं ती जागा म्हणजे हा खड्डा, आणि त्याच विष्णूचं दैत्यसूदन मंदिर गावात उभं आहे. कोरीवकाम पाहायला तिथं अर्धा दिवस हाताशी ठेवावा.

मला भुरळ घातली ती या खड्ड्याच्या हट्टानं. पावसाचं पाणी उतरतं, झरे मिळतात, काठावरची गोमुखाची धार बाराही महिने वाहते. ती गोडी आहे आणि भाविक पिढ्यान्‌पिढ्या तिथं अंघोळ करत आले आहेत. हे सगळं गोडं पाणी आत येतं आणि बाहेर जायला एकही वाट नाही. ओढा नाही, सांडवा नाही. उन्हानं उडेल तेवढंच कमी होतं आणि विरघळून आलेले क्षार मागे राहतात. हजारो वर्षांचा हा हिशेब साचून पाणी असं झालं आहे की त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. समुद्राचा आठाच्या थोडा वर असतो. म्हणजे चवीला मीठ असलं तरी गुणानं हे पाणी धुण्याच्या सोड्याच्या जवळचं.

हे सगळं मला एका गाईडकाकांनी तीन मिनिटांत पटवलं. वनखात्याच्या वाटेनं खाली उतरलो. सागवान मागे पडलं, बाभळी आल्या, मग झाडंच संपली आणि पांढुरका चिखल लागला. सडक्या अंड्यासारखा वास नाकात भरला. काकांनी खिशातून औषधाची छोटी बाटली काढली. तिच्यात हळद होती. चिमूटभर तळहातावर घेतली, दुसऱ्या हाताची बोटं तळ्यात बुडवून वर चार थेंब सोडले आणि अंगठ्यानं चोळलं. पिवळ्याचं लालभडक झालं. “पाहा भाऊ, हळदीचं कुंकू झालं,” म्हणाले आणि हात माझ्या नाकाशी धरला. शाळेत लिटमसचा कागद पाहिला होता, पण अल्कली म्हणजे काय ते त्या तळहातावर कळलं.

या पाण्यावर एके काळी धंदा चालायचा. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की काठावर क्षार बसत, ते गोळा करून वेगवेगळे काढत. प्रत्येकाला वेगळं नाव होतं: डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. काही साबणाला, काही काचेला, काही पापडात जायचे. आता काढायला परवानगी नाही आणि ते बरंच आहे. पण नावं टिकवायला हवीत. ती ज्यांना येतात त्यांनी हे पाणी हातानं ओळखलेलं आहे.

काठावर कमळजा देवीचं मंदिर आहे, नवरात्रात तिथं यात्रा भरते. जवळच सासू-सुनेची विहीर. एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं, अशी तिची ख्याती. कोणती बाजू कुणाची हे विचारलं तर काका नुसते हसले. झऱ्याचं पाणी आणि तळ्याचं पाणी एकाच विहिरीत भेटतात, एवढा त्यातला भाग समजण्यासारखा आहे.

इथवर कौतुक झालं. आता काळजीचं. ज्या तळ्याला बाहेर जायची वाट नाही, त्यात जे टाकाल ते तिथंच राहणार. लोणार गाव थेट विवराच्या काठावर वाढलं आहे आणि वर्षानुवर्षं सांडपाणी उतारानं खाली गेलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात यावर जनहित याचिका चालू राहिल्या, आदेश निघाले, कामं अर्धी झाली, पुन्हा आदेश निघाले. उतारावर वेडी बाभूळ पसरली, ती काढायची मोहीमही न्यायालयाच्या रेट्यानं निघाली.

जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं आणि फोटो जगभर गेले. पाणी फार आटलं, खारेपणा वाढला आणि मीठ मानवणारे गुलाबी सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा जाहीर झाला. अभयारण्य ते 2000 पासूनच आहे. नंतरच्या वर्षांत काटा उलट फिरला. पातळी चढत गेली, काठची काही जुनी देवळं पाण्याखाली गेली. आटलं की तिखट होणारं हे पाणी भरलं की पातळ होतं. सोड्यात जगणारं हिरवं शैवाल आणि जिवाणू हीच इथली खरी प्रजा. पातळ पाण्यात त्यांचं राज्य टिकत नाही, बाहेरचे जीव शिरकाव करतात. देवळाच्या पायऱ्या बुडाल्या की लोकांना दिसतं, शैवाल कमी झालं ते कुणाला दिसणार?

त्यात आता समृद्धी महामार्ग. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून दुसरबीड, सिंदखेडराजाचा हा पट्टा शहरांच्या जवळ आला. शनिवार-रविवारच्या गाड्या लोणारच्या काठावर येऊन थांबतात. रिसॉर्ट, रोपवे, बोटी असं बोलणं पर्यटनाच्या प्रत्येक बैठकीत निघतं. माझं मत स्पष्ट आहे: या तळ्यात बोट घालू नये आणि काठावर एकही नवं बांधकाम होऊ नये. हॉटेलं हवीत तर दुसरबीडला, बिबीला, सुलतानपूरला व्हावीत. तिथल्या पोरांना काम मिळेल आणि सांडपाणी विवराच्या उताराला लागणार नाही.

जायचं असेल तर हिवाळ्यात जा आणि सकाळीच खाली उतरा, दुपारी चढ जीव काढतो. स्थानिक गाईड घ्या, त्याला ठरलेले पैसे द्या, घासाघीस करू नका. धारेवर साबण लावू नका. आणि खाली नेलेली प्रत्येक बाटली, प्रत्येक पुडी वर घेऊन या, कारण त्या तळ्यातून बाहेर जायची दुसरी वाट नाही.