भूतदयेला व्यवस्थेची जोड

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत ठरावीक चालीने येतो. एखाद्या मुलाला कुत्रे चावते, ग्रामीण रुग्णालयात लशीसाठी धावपळ होते, नगरपरिषदेला निवेदन जाते आणि ‘बंदोबस्त करा’ अशी मागणी होते. त्याच गावात कोणीतरी गाडीखाली आलेले पिल्लू उचलून पशुवैद्यकाकडे नेत असते आणि बरे झाल्यावर याला ठेवायचे कुठे, या प्रश्नापाशी अडत असते. ही दोन माणसे एकमेकांना विरोधक समजतात. माझे म्हणणे असे, की दोघांची गरज एकच आहे. मुलाची सुरक्षितता आणि पिलाचा जीव एकाच व्यवस्थेतून साधतो, आणि त्या व्यवस्थेत आश्रयगृहाचा वाटा लहान व गावाचा मोठा असतो. प्राणी कायमचे कोंडून ठेवणारे आश्रयगृह थोड्याच दिवसांत भरते आणि पुढच्या प्राण्याला त्याचे दार बंद होते. उपचार, शस्त्रक्रिया आणि लसीकरण करून प्राण्याला घरी किंवा त्याच्या गल्लीत परत पोहोचवणारे आश्रयगृह मात्र वर्षानुवर्षे काम करू शकते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरीला या दुसऱ्या प्रकाराची गरज आहे.

राहुरीच का, याची कारणे गावाच्या भूगोलातच आहेत. नगर-मनमाड महामार्ग, दौंड-मनमाड लोहमार्ग, मुळा धरणाच्या पाण्यावर फुललेला ऊस, घरोघरचा दूधधंदा, शेतात विखुरलेल्या वस्त्या आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर अशी या तालुक्याची घडण आहे. महामार्गावर जनावरे जखमी होतात, बाजारपेठेतल्या उकिरड्यावर कुत्र्यांना आयते अन्न मिळते, वस्तीवर राखणीला कुत्रे लागतेच. त्यात उसामुळे बिबट्याची भर पडते. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. विष्ठेच्या तपासणीतून दिसले, की बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव प्राण्यांचा वाटा सुमारे 87 टक्के होता. एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के आणि मांजरांचा 15 टक्के निघाला. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा 11 टक्क्यांवरच राहिला. शेळी रात्री गोठ्यात बंद असते आणि कुत्रे उघड्यावर असते, हे लक्षात घेतले की या आकड्यांचा उलगडा होतो. म्हणजे या जिल्ह्यात बेवारस कुत्र्यांची संख्या ही केवळ नगरपरिषदेची डोकेदुखी नाही. वस्तीजवळ बिबट्याला काय खायला मिळते, हेही त्या संख्येवर अवलंबून आहे.

या प्रश्नावर सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त वेळा करून पाहिलेला उपाय म्हणजे कुत्री मारणे. मुंबईत ब्रिटिश सरकारने तो एकोणिसाव्या शतकातच चालवला आणि जून 1832 मध्ये त्याविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. समाजाने पैसा घालून जनावरांना आसरा दिल्याचे ते आपल्याकडचे ठळक उदाहरण. तरीही महापालिकेने कुत्री मारणे पुढे दीर्घकाळ चालूच ठेवले आणि 1994 च्या सुमारास ती निर्बीजीकरणाकडे वळली. मद्रासचा अनुभव तोच. तिथे ‘ब्लू क्रॉस’ संस्थेने 1964 पासून निर्बीजीकरणाचा आग्रह धरला होता, तो महापालिकेने 1996 मध्ये स्वीकारला. तोवर पिढ्यान् पिढ्या कुत्री मारूनही ती संपली नव्हती. याचे कारण साधे आहे. कुत्र्यांची संख्या अन्न आणि जागेवर ठरते. कचरा तसाच राहिला तर मोकळ्या झालेल्या जागी शेजारची कुत्री येतात, आणि उरलेल्या मादीची जी पिल्ले एरवी उपासमारीने मेली असती ती आता जगतात. नव्याने आलेल्या कुत्र्याला लस टोचलेली नसते, म्हणून गाव आधीपेक्षा असुरक्षित होते.

याउलट जिथे निर्बीजीकरण आणि लसीकरण चिकाटीने झाले, तिथले पुरावे आपल्यापुढे आहेत. जयपूरमध्ये ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने 1994 च्या अखेरीपासून 2002 पर्यंत 24,986 कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून त्यांना लस टोचली. सुमारे 65 टक्के माद्या या कामाखाली आल्या, कुत्र्यांची संख्या 28 टक्क्यांनी घटली आणि कार्यक्षेत्रात माणसांना होणारा रेबीज शून्यावर आला. त्याच काळात कार्यक्षेत्राबाहेर तो वाढत होता. गोव्यातला अनुभव आपल्याला आणखी जवळचा. तिथे राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी 2013 नंतर गावागावांत पथके पाठवली. ही पथके जाळी घेऊन पायी फिरत, घरचे कुत्रे मालकाने धरून द्यायचे, रस्त्यावरचे जाळीत घ्यायचे, लस टोचून रंगाची खूण करून सोडायचे आणि प्रत्येकाची नोंद मोबाइलमध्ये करायची. जोडीला शाळांमध्ये मुलांना शिकवले गेले, आणि संशयित कुत्रे दिसल्यास कळवण्यासाठी दूरध्वनी क्रमांक दिला गेला. लसीकरण 70 टक्क्यांवर पोहोचल्यावर कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी घटल्याचे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. 2021 मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला. इथे कुत्र्यांना हजारोंनी डांबावे लागले नाही. पथक, शाळा, मालक आणि फोन करणारा नागरिक यांच्या साखळीने हे साधले.

या साखळीत गावाचे स्थान नेमके कुठे आहे, हे एका मादीच्या शस्त्रक्रियेचे टप्पे पाहिले की समजते. शस्त्रक्रियेआधी तिला काही तास उपाशी ठेवावे लागते, म्हणजे रोज भाकरी घालणाऱ्याने त्या रात्री हात आवरायचा असतो. अनोळखी माणसाला पाहून ती पळते, पण ओळखीच्या हाकेला येते. त्यामुळे जिथे खाऊ घालणारा सोबत असतो तिथे जाळी आणि झटापट यांशिवाय काम होते. पिंजऱ्यावर गल्लीचे नाव आणि पकडल्याची जागा लिहावी लागते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस टाक्यांची देखभाल करून, रेबीजची लस टोचून, कानाला खाच पाडून तिला त्याच जागी सोडायचे. जागा चुकली तर परक्या टोळीत तिची फरफट होते, ती भेदरते आणि चावण्याची शक्यता वाढते. कानाची खाच ही सगळ्या गावासाठी खूण आहे. ती दिसली की या कुत्रीला पिल्ले होणार नाहीत आणि तिला लस टोचली गेली आहे, हे कोणालाही दुरून कळते. पुढच्या वर्षी लस पुन्हा द्यायची असते, तेव्हा ती कुठे सापडेल हे गल्लीलाच ठाऊक असते. डॉक्टर शस्त्रक्रिया करील, पण या बाकीच्या कामांना गावाशिवाय दुसरा माणूस मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप असतो, की एवढे कशाला, सगळी कुत्री उचलून आश्रयगृहात ठेवा. 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी जवळपास असाच आदेश दिला होता. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, आणि खाऊ घालण्यासाठी प्रभागात जागा नेमून द्याव्यात, असे सांगितले. या बदलामागची व्यावहारिक अडचण आकड्यांत दिसते. 2019 च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात भटकी कुत्री 12 लाख 76 हजार होती. एका कुत्र्याच्या जेवणाला दिवसाला अवघे 40 रुपये धरले, तरी वर्षाला सुमारे 1,860 कोटी रुपये केवळ अन्नावर लागतील. जमीन, बांधकाम, डॉक्टर आणि औषधे वेगळीच. शिवाय दाटीच्या जागेत डिस्टेंपर आणि पार्व्होसारखे साथीचे आजार झपाट्याने पसरतात, तेव्हा दयेपोटी कोंडलेली जनावरे तिथेच मरतात. मात्र 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके येथील कुत्री हलवून आश्रयगृहात ठेवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. राहुरीचे बसस्थानक, रेल्वेस्थानक, ग्रामीण रुग्णालय आणि कृषी विद्यापीठ या कक्षेत येतात. म्हणून मर्यादित क्षमतेचे आश्रयगृह आता टाळता येणार नाही. ते गावातल्या प्रत्येक कुत्र्यासाठी बांधले जाते आहे, असे मात्र कोणी समजू नये.

दुसरा आक्षेप अधिक वेदनेतून येतो. ज्याच्या घरात मूल चावले गेले त्याला भूतदयेचे बोल कसे रुचावेत? त्याची तक्रार खरी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे, की देशात वर्षाला सुमारे 91 लाख लोकांना प्राणी चावतात आणि 5,726 माणसे रेबीजने मरतात. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार बरा होत नाही. म्हणून प्राणिप्रेमींनी चाव्याच्या तक्रारीला क्रौर्य म्हणणे सोडले पाहिजे आणि खाऊ घालण्यासोबतची जबाबदारी घेतली पाहिजे. ज्याने घास घालायचा, त्याने त्या कुत्र्याची शस्त्रक्रिया आणि वार्षिक लसही पाहायची. शाळेच्या दारात, रहदारीत किंवा कोणाच्या उंबऱ्यापुढे अन्न टाकायचे नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. खाऊ घालण्याचा संस्कार आपल्याकडे मुरलेला आहे, त्याला नोंद आणि लसीची जोड मिळणे बाकी आहे. उलट बाजूनेही तक्रारदाराने हे समजून घ्यावे, की विष घालणे किंवा कुत्री भरून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडणे यात त्याच्या मुलाचे संरक्षण नाही. अशाने फक्त लस टोचलेल्या ओळखीच्या कुत्र्याची जागा न टोचलेले अनोळखी कुत्रे घेते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो छोट्या नगरपरिषदेच्या बाबतीत वजनदार आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरणाची जबाबदारी नगरपरिषदांप्रमाणे ग्रामपंचायतींवरही टाकली आहे, काम करणारी संस्था भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यताप्राप्त हवी, शस्त्रक्रियागृह, पिंजरे आणि प्रशिक्षित डॉक्टर हवेत. प्रत्येक गावाने हे वेगळे उभारणे अशक्यच. पण राहुरी, देवळाली प्रवरा, श्रीरामपूर, राहाता ही गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत. चार नगरपरिषदांनी मिळून एक केंद्र चालवले आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावाची कुत्री घेतली, तर खर्च वाटला जातो आणि डॉक्टरलाही बारमाही काम मिळते. दुसऱ्या पारड्यात आजचा खर्चही ठेवावा. कुत्रे चावलेल्या प्रत्येक माणसाला लशीचे चार-पाच डोस लागतात, खोल जखमेला इम्युनोग्लोब्युलिन लागते, आणि मजुराचा प्रत्येक फेरीला रोज बुडतो. हा खर्च आपण आताही करतोच आहोत, फक्त तो नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. पशुवैद्यक महाविद्यालय राहुरीत नसले तरी कृषी विद्यापीठात पशुसंवर्धनाचे जाणकार आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत. कुत्र्यांची प्रभागवार गणना आणि कानाच्या खाचांची दरवर्षी पडताळणी हे त्यांच्याकडून सहज होण्यासारखे काम आहे. मोजणीच झाली नाही तर कंत्राटदाराने सांगितलेल्या आकड्यावर पैसे देण्याची पाळी येते.

उरतो घरातून रस्त्यावर आलेल्या प्राण्यांचा भाग. हौसेने विकत घेतलेले जातिवंत पिल्लू आजारी पडले किंवा मोठे झाले की सोडून दिले जाते, मादी पिल्ले तर आधीच उकिरड्यावर ठेवली जातात. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात पाळीव प्राणी विनाकारण टाकून देणे गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपयांचा. एवढ्या दंडाने कोणाचा हात थांबणार? म्हणून इथे कायद्यापेक्षा सोय जास्त कामाची आहे. मादीची शस्त्रक्रिया स्वस्तात होऊ लागली की ‘पिल्लांचे काय करायचे’ ही भीती संपते आणि मादी पिल्लालाही घर मिळते. आश्रयगृहाने दत्तक देताना लस आणि शस्त्रक्रियेची हमी द्यावी, सांभाळणे न जमल्यास प्राणी परत आणण्याचे वचन घेणाऱ्याकडून लिहून घ्यावे आणि काही महिन्यांनी फेरी मारावी. वस्तीवर राखणीला कुत्रे हवे असलेल्या शेतकऱ्याला असे निरोगी, लस टोचलेले देशी कुत्रे देता येईल. त्याला रात्री गोठ्यात किंवा जाळीच्या आडोशाला ठेवण्याची अट मात्र हवी, नाहीतर ते बिबट्याच्या तोंडी जाईल.

हा जिल्हा आता अहिल्यादेवींच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्याविषयी ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने लिहून ठेवले आहे, की महेश्वरच्या आसपास उन्हाळ्यात नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजण्यासाठी त्यांची माणसे फिरत, आणि पाखरांसाठी त्यांनी शेते विकत घेतली होती. त्यात केवळ कळवळा नव्हता. पगारी माणसे होती, राखीव जमीन होती, म्हणजे दयेमागे तरतूद होती. राहुरीने तीच रीत धरावी. पहिल्या वर्षी गणना आणि कचऱ्याची शिस्त, दुसऱ्या वर्षी सामायिक केंद्र, आणि तेव्हापासून दर वर्षी 70 टक्के कुत्र्यांना लस हे लक्ष्य नगरपरिषदेने ठरावात लिहून घ्यावे. ठरावाखाली प्रभागातल्या खाऊ घालणाऱ्यांची नावेही असावीत. वर्षअखेरीला आश्रयगृहाला किती प्राणी आत आहेत असे विचारू नये. किती बरे होऊन बाहेर गेले, किती कानांवर खाच आहे आणि रुग्णालयातले श्वानदंशाचे रुग्ण किती घटले, हे विचारावे. या तीन आकड्यांचा हिशेब ग्रामस्थांनी मागायला सुरुवात केली, की निवेदन देणारा बाप आणि पिल्लू उचलणारा तरुण एकाच सभेत, एकाच बाजूला बसलेले दिसतील.