पळस फुलला, सहलीचा बेत कसा आखाल?

‘कुठेही गेलात तरी पळसाला पाने तीनच’ ही म्हण प्रसिद्ध आहे. फाल्गुनात निघालात तर मात्र बहुतेक पळसांवर एकही पान नसते. निष्पर्ण फांद्यांवर केवळ केशरी फुलांचा बहर असतो.

विदर्भात हा बहर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. हवामानानुसार तो थोडा मागेपुढे होतो, म्हणून स्थानिकांकडे चौकशी करूनच दिवस ठरवावा. नागपूरहून मनसरमार्गे पेंचच्या दिशेने जावे व परतताना रामटेक पाहावे, असा एका दिवसाचा बेत सोयीचा ठरतो. त्यासाठी व्याघ्रप्रकल्पात शिरण्याची आवश्यकता नाही. पळस शेतांच्या बांधांवर आणि माळरानांवरही फुलतो. काटेसावर व पांगारा यांचाही हाच हंगाम.

पहाटे निघणे उत्तम. ऊन चढण्यापूर्वी फुलांवर मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची वर्दळ असते. पळसाच्या फुलाला सुगंध जवळजवळ नसतो. भडक रंग आणि मधुरस यांमुळे पक्षी येतात व परागकण फुलाफुलांत पोहोचवतात. त्यातूनच पुढे शेंगा धरतात. रान कोरडे पडू लागते त्या दिवसांत हा मधुरस पाखरांना मोठा आधार असतो.

म्हणूनच छायाचित्रासाठी वा होळीच्या रंगासाठी फांदी मोडू नये. झाडाखाली गळलेली फुले पुरेशी असतात. ती गरम पाण्यात भिजवली की सुरेख केशरी रंग मिळतो आणि झाडावरचा बहर पाखरांसाठी राहतो.