व्याख्यान ऐकावें कसें, टिपावें कसें?

बारावीचा निकाल लागून मुलाचें किंवा मुलीचें नांव कॉलेजांत दाखल झालें, म्हणजे घरांतील वडील माणसांस एक मोठें कार्य उरकल्यासारखें वाटतें. फी भरली, पुस्तकें आणलीं, जाण्यायेण्याची सोय लागली. आतां पुढचें त्याचें तो पाहील, अशी सर्वांची समजूत होते. परंतु ज्या एका कलेवर पुढील तीन-चार वर्षांचें यश बरेंचसें अवलंबून असतें, ती त्याला बहुधा कोणीं शिकविलेलीच नसते. तासभर चाललेलें व्याख्यान ऐकणें आणि त्यांतील सार टिपून घेणें, ही ती कला होय.

शाळेंत शिक्षक फळ्यावर लिहून देतात, प्रश्नोत्तरें सांगून उतरवून घेतात. स्वल्पविराम कोठें द्यावयाचा हेंसुद्धां सांगतात. कॉलेजांतील प्रोफेसर मात्र बोलत जातात. सामान्यतः व्याख्याता मिनिटास शंभर-सव्वाशे शब्द बोलतो आणि भराभर लिहिणाऱ्याचा हात वीस-पंचवीस शब्दांपलीकडे धांवत नाहीं. म्हणजे पांचांतले चार शब्द सोडून द्यावेच लागतात. कोणते सोडावे आणि कोणते धरावे हें कळणें, हेंच टिपणाचें सारें मर्म आहे. जो सगळेंच उतरवूं पाहतो, त्याच्या वहींत अर्धीं वाक्यें राहतात आणि डोक्यांत कांहींच राहत नाहीं.

सोलापुरास ही अडचण अधिक जाणवते. येथें मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा शेजारीशेजारी नांदतात. दयानंद कॉलेज १९४० सालीं निघालें. त्यापूर्वीं उच्च शिक्षणासाठीं येथील मुलें पुण्याची किंवा मुंबईची वाट धरीत. पुढें संगमेश्वर, वालचंद हीं कॉलेजें आलीं, वैद्यकीय महाविद्यालय आलें आणि २००४ सालीं या एका जिल्ह्यासाठीं स्वतंत्र विद्यापीठही झालें. कॉलेज असें घराजवळ आलें. पण शास्त्राच्या, वैद्यकाच्या आणि यंत्रविद्येच्या व्याख्यानांची इंग्रजी भाषा मात्र तितकी जवळ आली नाहीं. मग मराठी शाळेंत वरचा नंबर काढणारा मुलगा पहिल्या सहामाहींतच मागें पडतो आणि ‘आपल्याला हें झेपणार नाहीं’ अशी मनाशीं खूणगांठ बांधतो. त्याची बुद्धि कमी नसते. कान तयार नसतो. हा भेद वेळींच न ओळखल्यामुळें किती होतकरू मुलें हातचा अभ्यासक्रम सोडून देत असतील, याचा विचार करावा.

कान तयार करतां येतो, याचें उदाहरण याच शहरानें दिलें आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० सालीं सोलापुरांत झाला. १९३८ सालीं भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, तेव्हां ती भाषा त्यांस सर्वस्वीं नवी होती. पुढें तीच भाषा शिकून ते तेथील विद्यार्थ्यांस शस्त्रक्रिया शिकवूं लागले. १९४२ सालीं अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. म्हणजे हें सर्व सुमारें चार वर्षांत, आणि तेंही युद्धाच्या धामधुमींत! आपल्या मुलांस तर इंग्रजीची तोंडओळख पहिल्यापासून असते. पहिल्या दोन महिन्यांत व्याख्यान निम्मेंच कळलें तर धीर सोडण्याचें कारण नाहीं.

आतां कृतीकडे वळूं. व्याख्यानाची तयारी आदल्या रात्रीं सुरू होते. उद्यांचा विषय पुस्तकांत उघडून त्यांतील मथळे दहा मिनिटें नजरेखालून घालावे आणि आठ-दहा पारिभाषिक शब्द अर्थासह वहींत मांडून ठेवावे. ओळखीचा शब्द कानांस चटकन लागतो. अनोळखी शब्दाशीं कान अडखळला कीं पुढचीं दोन वाक्यें निसटलींच म्हणून समजावें.

वर्गांत पुढें बसावें. हात लिहिता ठेवण्यापेक्षां कान जागा ठेवावा. ‘याचीं कारणें तीन’, ‘याउलट’, ‘म्हणून’, ‘मुख्य मुद्दा असा’ या अर्थाचे शब्द व्याख्यात्याच्या तोंडून आले, म्हणजे वळण आलें हें ओळखावें आणि तेथेंच पेन चालवावें. पारिभाषिक शब्द इंग्रजी, पण ते जोडणारें वाक्य आपल्या मातृभाषेंत, असें मिश्र टिपण करण्यास मुळींच लाजूं नये. टिपण परीक्षकासाठीं नसून स्वतःसाठीं असतें. एखादा मुद्दा निसटला तर तेथें दोन ओळी कोऱ्या सोडून पुढें चालावें. वहीच्या पानाची एक सोपी मांडणी अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे अध्यापक वॉल्टर पॉक यांनीं रूढ केली. पानाच्या उजवीकडील रुंद भागांत वर्गांतील टिपण, डावीकडील अरुंद पट्टींत मागाहून सुचलेले प्रश्न व खुणेचे शब्द, आणि तळाशीं दोन-चार ओळींत स्वतःच्या शब्दांतील सारांश.

कागद बरा कीं संगणक, हा वाद हल्लीं फार ऐकूं येतो. २०१४ सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत हातानें लिहिणारे विद्यार्थी सरस ठरले. पण पुढें तोच प्रयोग पुन्हां केला असतां तितका स्पष्ट निष्कर्ष निघाला नाहीं. म्हणून साधनाचा आग्रह नको. शब्दन् शब्द उतरविण्याची हांव मात्र दोन्हीकडे सारखीच घातक. मोबाईलवर व्याख्यान मुद्रित करावयाचें तर प्रोफेसरांची परवानगी घेऊन खुशाल करावें. पण ‘मुद्रण आहे, आतां ऐकलें नाहीं तरी चालेल’ असें मन म्हणूं लागलें, कीं तें साधन बाजूस ठेवावें.

मायकेल फॅरेडे यानें १८१२ सालीं लंडनमध्यें हंफ्री डेव्हीचीं चार व्याख्यानें ऐकलीं. तेव्हां तो पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करीत होता. ऐकतांना केलेलीं त्रोटक टिपणें त्यानें घरीं येऊन विस्तारानें लिहिलीं, आकृत्या काढल्या, सुबक पुस्तक बांधलें आणि तें डेव्हीकडे पाठविलें. पुढच्याच वर्षीं डेव्हीनें त्याला आपल्या प्रयोगशाळेंत घेतलें. विजेच्या शास्त्राचा एवढा मोठा शोधक प्रथम असा टिपणवहीच्या बळावर आंत शिरला! त्याचें खरें काम वर्गांत नव्हे, वर्गानंतर झालें, हें ध्यानांत घ्यावें.

हा ‘वर्गानंतर’ फार मोलाचा आहे. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें निरर्थक अक्षरें पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व ते १८८५ सालीं प्रसिद्ध केले. पाठ केल्यावर विस्मरण पहिल्या कांहीं तासांत सर्वांत झपाट्यानें होतें आणि मग मंदावतें, असें त्यास आढळलें. व्याख्यान अर्थपूर्ण असल्यामुळें थोडें अधिक टिकेल इतकेंच. तरी टिपणाची उजळणी त्याच दिवशीं व्हावी. कोऱ्या सोडलेल्या ओळी मित्राच्या वहीशीं ताडून भराव्या. चक्रधरस्वामींच्या आठवणी लिहिणाऱ्या म्हाइंभटानें तेराव्या शतकांत हेंच केलें. ज्यांनीं पाहिलें-ऐकलें त्यांस गांठून, पडताळा घेऊन त्यानें लीळा जमविल्या आणि सांगणारांत फरक पडला तेथें तो फरकही नोंदून ठेवला. आपल्या मराठी गद्याचा आद्य ग्रंथ अशा चोख टिपणांतून उभा राहिला आहे.

येथें घरच्या मंडळींचें कर्तव्य येतें. कॉलेजांतून आलेल्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, चहा झाल्यावर अर्धा तास कोणीं हांक मारूं नये. मुलगा आला कीं ‘दमला असेल’ आणि मुलगी आली कीं ‘जरा कणीक भिजव’ हा प्रकार अजून पुष्कळ सुशिक्षित घरांतही दिसतो. त्या अर्ध्या तासांत मुलीचें अर्धें व्याख्यान विरून जातें आणि परीक्षेंत कमी पडलेल्या गुणांचा दोष मात्र तिच्याच माथीं बसतो.

दुसरें, रात्रीं जेवणाच्या वेळीं आजोबांनीं किंवा काकूंनीं सहज विचारावें, “आज काय ऐकलेंस?” विषय त्यांस कळलाच पाहिजे असें नाहीं. आपल्याकडील आजी पुराणाहून आली कीं सगळें आख्यान घरांत पुन्हां सांगे. तिनें वही कधीं धरली नव्हती. पण सांगावयाचें आहे या जाणिवेनें ती ऐके आणि सांगितल्यामुळें तें तिच्या लक्षांत राही. श्रवणानंतर मनन सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांस हें मर्म पक्कें ठाऊक होतें. मुलाला पांच मिनिटांत मातृभाषेंत सांगतां आलें, तर त्याला समजलें. अडला, तर कोठें अडला हें त्याचें त्यालाच कळलें. या शिकवणीस पैसा पडत नाहीं. घरांत एक ऐकणारें माणूस मात्र असावें लागतें, आणि एकत्र कुटुंबांत तर त्याची वाण कधींच नसते.