मोटारीच्या ब्रेकची खरी परीक्षा

आपली मोटार किती वेगानें धांवते, हें सांगण्यांत पुष्कळांना अभिमान वाटतो. ती किती खात्रीनें थांबते, असा प्रश्न विचारणारे मात्र थोडे. कांहीं हौशी मालक गाडीला मोठ्या तबकड्या आणि भारी ब्रेक-पॅड बसवून घेतात व ब्रेक सुधारला असें समजून स्वस्थ होतात. ही सुधारणा खरी कीं केवळ खर्चाची, हें ठरवावयाचें कसें, याचा आज विचार करूं.

रहदारीच्या रस्त्यावर अशी परीक्षा घेणें म्हणजे दुसऱ्यांच्या जिवाशीं खेळ होय. तिच्यासाठीं शर्यतीचा बंदिस्त मार्गच हवा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें सुमारें ३.७ किलोमीटर लांबीचा असा मार्ग आहे. शर्यत नसते अशा एखाद्या दिवशीं ठराविक फी भरून स्वतःची मोटार अशा मार्गावर चालवितां येते. याला 'ट्रॅक डे' म्हणतात.

ब्रेक वेगाचा नाश करीत नाहीं, त्याची उष्णता करतो. १,२०० किलो वजनाची मोटार ताशीं १०० किलोमीटर वेगानें जात असतां तिच्या अंगीं सुमारें ४ लक्ष ६३ हजार ज्यूल ऊर्जा असते. गाडी ब्रेकनें थांबविली कीं यांतील बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्यें उतरते. एवढ्या उष्णतेनें जवळजवळ दीड लिटर साधें पाणी उकळीला येईल! वेग निम्मा केला, तर ही ऊर्जा निम्मी नव्हे, चौथाई होते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठा ब्रेक बसविला म्हणजे गाडी कमी अंतरांत थांबते, असें नाहीं. जुना ब्रेकहि चाकें जागच्या जागीं आवळूं शकत असेल, तर पुढें सारें टायर आणि रस्ता यांच्या घर्षणावर अवलंबून असतें. चांगल्या ब्रेकचा गुण पहिल्या खेपेस दिसत नाहीं. तो दहाव्या खेपेस दिसतो. मार्गाच्या प्रत्येक फेरींत अनेक वळणें येतात, आणि पहिली उष्णता वाऱ्यावर निघून जाण्यापूर्वींच दुसरी येऊन पडते. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जग्वार मोटारीनें जिंकली, तेव्हां तिला तबकडीचे ब्रेक होते. जुन्या ढोलाच्या ब्रेकमध्यें उष्णता आंत कोंडते. तबकडी मात्र उघड्या वाऱ्यांत फिरते. दीर्घ शर्यतींत हा भेद मोलाचा ठरला.

परीक्षेची रीत सोपी आहे. नवे पॅड प्रथम मध्यम वेगावरून वारंवार, पण गाडी पूर्ण न थांबवितां, दाबून तबकडीशीं बसवून घ्यावे व थंड होऊं द्यावे. नंतर एकाच खुणेपाशीं, एकाच वेगानें, त्याच टायरांवर ब्रेक लावून प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी. जुन्या ब्रेकचीहि अशीच नोंद आधीं हातीं असावी. नाहींतर तुलना कशाशीं करणार? एका वेळीं एकच वस्तु बदलावी. शेवटची फेरी सावकाश घालून तबकड्या निवूं द्याव्या, आणि गाडी उभी केल्यावर लगेच हँडब्रेक ओढूं नये.

ब्रेक थकला, तर दोष पायाला कळतो. पेडल घट्ट लागतें पण गाडी थांबत नाहीं, तेव्हां पॅड अतिशय तापून त्यांचें घर्षण कमी झालेलें असतें. पेडल मऊ पडून खालीं जातें, तेव्हां बहुधा ब्रेक ऑईल उकळलेलें असतें. द्रव दाबला जात नाहीं, वाफ दाबली जाते. म्हणून पायाचा जोर वाफेंतच जिरतो. हें द्रव हवेंतील ओलावा शोषतें. 'डॉट ४' जातीचें ताजें द्रव निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळूं नये, असें मानक आहे, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. भारी तबकड्या घालून द्रव जुनेंच ठेवणें म्हणजे नव्या घागरीला फुटकें बूड लावणें होय.

शर्यतीशीं ज्यांचा कांहींहि संबंध नाहीं, त्यांनाहि हें उपयोगी आहे. हीच मोटार खंडाळ्याहून खोपोलीकडे सुमारें ५०० मीटर खालीं उतरते, तेव्हां सुमारें ५९ लक्ष ज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे ताशीं १०० किलोमीटर वेगावरून बारा वेळां थांबण्याहूनहि अधिक. ती सगळी ब्रेकवर टाकली, तर घाट हीच ब्रेकची परीक्षा होऊन बसते, आणि तीहि मुलाबाळांसह. म्हणून ज्या गिअरनें घाट चढावा त्याच गिअरनें उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळावा. कांहीं भार इंजिन उचलतें. आणि ब्रेक ऑईल शेवटचें केव्हां बदललें, हें प्रवासाला निघण्यापूर्वीं विचारावें.